पाठमोरी बाई

कलादालनात तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, इतकं ते नेमकं होतं. भिंतीत खिळे ठोकायचे, चित्रं टांगायची, फरशी पुसायची आणि पाऊस चुकवायला आत शिरलेल्या माणसालासुद्धा "या हो, बघायला पैसे पडत नाहीत" म्हणून धरून आणायचं, सगळं हीच करायची. दाराशी तिच्यासाठी एक स्टूल होतं. त्यावर कायम दुसऱ्याच कुणाची तरी छत्री बसलेली असायची.

घरी थोरली बहीण. ताईनं जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि ती खिडकीपाशी बसली ती बसलीच. हात मात्र गप्प बसेनात, म्हणून रंग आणले. एकाच आईच्या पोटच्या दोघी, पण एक बसेना आणि एक उठेना, अशी गत.

ताई दरवर्षी होडी काढायची. बाईनं जन्मात होडीत पाय ठेवलेला नाही, पण होडीशिवाय दुसरं काही सुचेल तर शपथ! दालनाच्या वार्षिक प्रदर्शनाला होडी जायची आणि तशीच परत यायची. परत आलेल्या होड्या कपाटामागे उभ्या होत्या.

यंदा ताईनं सांगून टाकलं, "हे शेवटचं. प्रदर्शनात नाही लागलं तर रंगांचा डबा शेजारच्या पोरांना देऊन टाकते. म्हातारपणी हसं कशाला करून घ्यायचं?" चित्रावर तिनं जुनी चादर टाकून ठेवली होती. भिंगरीनं कोपरा उचलायला हात घातला तर हातावर फटका बसला. "तुझ्या पोटात काही राहत नाही. लांब हो!" दालनात पाठवतानाही तिनं ते चादरीत गुंडाळूनच शेजारच्या पोरांच्या हाती दिलं.

तेव्हापासून भिंगरीच्या जिवाला घोर लागला. डबा गेला तर ही खिडकीत बसून करणार काय? रस्त्यावरची माणसं मोजणार? माणूस असं हळूहळू विझतं, हे तिनं आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्यात मॅनेजरना लहर आली. निवड करायला पाच जण बसत, यंदा ते म्हणाले, "दालनात राबणाऱ्यांचाही एक हात असू दे." तो हात भिंगरीचा. चित्रामागच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे कुणाचं कोणतं ते कळायला नको. आपली बहीण यात आहे, हे तिनं सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "चहा घेणार का?" असं विचारून मिटलं.

रखवालदार एकेक चित्र स्टँडवर ठेवायचा, पाच जण हात वर करायचे किंवा करायचे नाहीत. भिंगरी खुर्चीवर टेकायची, उठून खिडकी लावायची, परत उघडायची. "अहो, अंगात वारं शिरलंय का?" शेजारचे चित्रकलेचे मास्तर वैतागले.

आणि आली! हिरव्या पाण्यात होडी! भिंगरीचा हात असा उसळला की मास्तरांचा चष्मा खाली पडता पडता वाचला. आणखी दोन हात वर गेले. होडी लागली. गंगेत घोडं न्हालं! तिचा जीव असा भांड्यात पडला की आता सगळं जग तिला गमतीचं वाटू लागलं.

पुढचं चित्र पाठमोऱ्या बाईचं होतं. ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतेय. खांद्यावर पिशवी, एका पायात चप्पल, दुसरी कुठेतरी. दोन हात वर गेले, दोन मांडीवरच राहिले. सगळे भिंगरीकडे बघू लागले.

"अगं बाई! हिच्याकडे बघूनच मला धाप लागली," ती म्हणाली. "कुणीतरी हिला बसवा हो!"

हशा पिकला. वर गेलेले दोन हातही हसता हसता खाली आले. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "पुढचं आणा."

दुपारी नाकारलेली चित्रं मागच्या खोलीत न्यायची होती. पाठमोऱ्या बाईला भिंतीशी टेकवून भिंगरीनं आपली पिशवी शेजारीच ठेवली. पिशवीचा बंद मध्यंतरी तुटला होता, तेव्हा घरात हिरवाच दोरा होता म्हणून ताईनं काळ्या बंदावर हिरवे टाके घातले होते. चित्रातल्या पिशवीच्या काळ्या बंदावर, तिथेच, हिरवा रंग होता. भिंगरीनं पट्टी ओरबाडली. खाली ताईचं नाव.

निवडलेल्या होडीचीही पट्टी तिनं काढली, तर ती निघाली कुणा दातांच्या डॉक्टरांची.

स्वतःची पाठ कुणाला दिसते हो? पण ताईला तर रोज तेवढीच दिसत होती. सकाळी दाराकडे जाणारी, संध्याकाळी ओट्याकडे वळलेली. भिंगरीला भयंकर लाज वाटली.

ती धावत मॅनेजरकडे गेली. "साहेब, ते चित्र परत लावा स्टँडवर. माझ्या बहिणीचं आहे."

"मग तर मुळीच नाही," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं, तर तुमचा हात मोजलाच नसता. आता पाचही जणांनी नाही म्हटलंय."

चित्र काखेत मारून ती निघाली. घराची गल्ली आली तशी पुढे गेली, चौकाला वळसा घालून परत आली, परत पुढे गेली. ताई खिडकीतून हे सगळं बघतच होती.

"किती फेऱ्या मारशील? ये वर!"

रंगांचा डबा टेबलावर दोरीनं आवळून तयार होता. भिंगरी ओट्याकडे वळली. "चहा टाकते."

"पाठ नको दाखवूस. बोल."

"मी पाडलं, ताई. दोघांचे हात वर होते. मी चेष्टा केली, सगळे हसले आणि संपलं."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं... कुणीतरी हिला बसवा."

ताई हसली नाही. "आणि मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय गं तुला?"

तिनं काठीनं समोरची खुर्ची पुढे ढकलली. भिंगरी बसली. "पिशवी," ताई म्हणाली. भिंगरीनं पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. काखेतलं चित्रही ठेवलं. मग हातात काहीच उरलं नाही, आणि तिला रडू फुटलं.

डब्याची गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा ताईनं ती दातांनी सोडवली. ब्रश काढला, कोरा कागद मांडीवर घेतला आणि भिंगरीच्या तोंडाकडे रोखून बघू लागली. खुर्चीखाली भिंगरीचा पाय आपोआप हलायला लागला होता.

"पाय हलवू नकोस," ताई म्हणाली.