डाक बंगल्याच्या कमलाबाई

कमलाबाई राठोड रानात चालताना बोलत नसत. काही दाखवायचे असले की नुसत्या उभ्या राहत, आणि मागची सगळी रांग आपोआप थांबे. झरी जामणीच्या जंगलातल्या डाक बंगल्यावर त्या झाडलोट करत. तांड्यातून रोज पायी येत. मी मारेगावला विज्ञान शिकवतो. इंग्रजांच्या काळातला तो दगडी बंगला आणि भोवतालचे रान पाहायला येणाऱ्यांना रविवारी सकाळी फिरवण्याचा उपक्रम माझा. दुर्बीण माझी, पक्ष्यांची पुस्तके माझी. लोक मात्र बाईंच्या मागे.

मला ते सहन होत नसे. एकदा मी नवरंग पक्ष्याच्या स्थलांतरावर बोलत होतो. बाईंनी करवंदीच्या जाळीकडे बोट केले. तिथे खराखुरा नवरंग पालापाचोळा उपसत होता. सगळे मोबाईल तिकडे वळले, माझे वाक्य अर्धेच राहिले.

“तुम्हाला कसा दिसला?” एकीने विचारले.

“दिसला कुठं बाई, पाचोळा वाजला. मले वाचता येत नाही, मंग कानच वापरा लागते.”

लोक हसले. टोमणा मलाच आहे, असे मी धरून बसलो. पुढच्या रविवारपासून त्यांना बंगल्यावरच थांबून चहाचे बघायला सांगितले. त्या “बरं” म्हणाल्या.

मोहाच्या दिवसांत एका रविवारी आम्ही निघालो, तेव्हा त्या पायऱ्यांवर आडव्या आल्या.

“मास्तर, नाल्याकडं नोका जाऊ. मोहाचे फुलं पडून राह्यले. अस्वल पिल्लं घेऊन येऊन राह्यली.”

“मी कालच जाऊन आलो. काही नाही तिकडे,” सगळ्यांदेखत मी खोटे बोललो.

नाल्याच्या वळणावर ती होती. वीसेक पावलांवर, मोहाखाली, दोन पिल्लांसह. आम्हाला पाहून ती मागच्या पायांवर उभी राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“पळू नोका. पाठ नोका करू. हळूहळू मांगं सरका.”

बाई आमच्या मागोमाग आल्या होत्या. आम्ही सरकत गेलो. त्या पुढे उभ्या राहून अस्वलीशी आपल्या तांड्याच्या गोरबोलीत हळू आवाजात बोलत होत्या. ती पिल्लांना घेऊन वळली, तेव्हाच त्या परतल्या.

व्हरांड्यात लोक त्यांचे आभार मानू लागले, तर त्या म्हणाल्या, “मास्तरनच थांबोलं तुमाले. मी तं मांगून आली.”

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. बाईंच्या त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. लेकीकडे राळेगावला कायमच्या निघाल्या, तेव्हा त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो.

“बाई, मला तुमचा फार हेवा वाटायचा. म्हणूनच त्या दिवशी मी नाल्याचं खोटं बोललो.”

“मालूम हाय मले.”

“कसं?”

“तुमी माह्या मांगं चालतानी पाय आपटत. नाराज जनावराचे पाय वाजते, मास्तर.”

गाडी आली. त्यांना आत बसवून पिशवी मांडीवर दिली. खिडकीतून त्या माझ्याकडे नाही, रानाकडे पाहत होत्या. गाडी हलेपर्यंत मला त्या रानाचा हेवा वाटत राहिला.