पुस्तकाचं नाव

दिल्लीत मेट्रो यायच्या आधी मयूर विहारहून आमची ऑफिसला जाणारी चार्टर्ड बस सुटायची. तीत प्रत्येकाची जागा ठरलेली. माझ्या शेजारी मिरजेचे एक मुसलमान गृहस्थ बसत आणि माझ्याशी छान मराठीत बोलत. मागच्या सीटवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते चालत आणि पत्त्यांबरोबर इस्लामवर ताशेरे. हे गृहस्थ कधी चिडत नसत. "अच्छा, देखके बताता हूँ," म्हणत आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर उत्तर लिहून आणत. एकदा तर म्हणाले, "हे ग्रंथात नाही. पण आमच्यात चालतं, आणि ते चूकच आहे."

मला हा शांतपणा खरा वाटेना. धर्माला कोणी बोललं की मी पेटतो. हा माणूस पेटत नाही म्हणजे आत काहीतरी दडवतोय, असं मी घरीही बोलून दाखवलं.

मग एकदा मी त्यांच्या धर्माबद्दल एक गोष्ट चक्क रचली आणि "कुठेतरी वाचलंय" म्हणून ठोकून दिली. बघू या चिडतात का!

त्यांनी आठवडाभर शोधलं. रविवारी जुन्या दिल्लीत एका मौलवींनाही विचारून आले. "नाही सापडलं, साहेब. पण तुम्ही वाचलंय म्हणजे असणार. पुस्तकाचं नाव आठवलं की सांगा."

तेव्हापासून मी मागे पत्ते खेळायला बसू लागलो. उतरताना ते रोज माझ्यापाशी थांबत आणि हळूच विचारत, "आठवलं?"

त्यांना कळलं होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच ओळखता आलं नाही.