निळ्या लोकरीचे दोन गुंडे

माझी मावशी दुकानात शिरली की आधी हसते. दुकानदाराकडे बघून, गिऱ्हाइकांकडे बघून, आणि कोणीच नसेल तर वजनकाट्याकडे बघूनसुद्धा. रांगेत मागच्या माणसाच्या हातात एकच वस्तू असली की "या, तुम्ही आधी घ्या" म्हणून त्याला पुढे करते. मला विचाराल तर हा शुद्ध भित्रेपणा आहे. तिला विचारलं तर म्हणते, "मी खिडकीच्या आत बसलेली बाई आहे गं. तिथून माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे."

खिडकी म्हणजे पाणीपुरवठा खात्याची तक्रार-खिडकी. तिची सगळी नोकरी तिथे गेली. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, आणि बिल मात्र वेळेवर. लोक जाळीतून बोट नाचवत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि ही थंडपणे म्हणायची, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." घरी येऊन भांडी जरा जोरात आपटायची, एवढंच. लोकांना वाटायचं, बाई म्हणजे गरीब गाय. लोकांचं काय जातंय वाटायला! ही गाय काहीही विसरत नाही. शाळेत जिने हिचा डबा मुद्दाम पाडला, त्या मुलीचा विषय निघाला की अजून हिच्या नाकपुड्या फुलतात.

काका भाजीपाल्याच्या शीतगृहात पेट्या मोजून घेतात. दिवसभर त्या गारठलेल्या खोल्यांतून आत-बाहेर. त्यांचं उजवं मनगट आखडायला लागलं, पेन धरवेना. डॉक्टर म्हणाले, हात उबेत ठेवा, नाहीतर हे काम सोडा. काम सोडून घरात बसायच्या कल्पनेनेच काकांचा चेहरा उतरला. मावशीने त्याच आठवड्यात जाड निळी लोकर आणली आणि स्वेटर विणायला घेतला. अंग झालं, डावी बाही झाली. पण काकांचे हात लांब, अंदाज चुकला. उजव्या बाहीला एकच गुंडा उरला आणि आणखी दोन हवे होते.

विणणाऱ्या बायकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. तीच कंपनी, तोच रंग असला तरी नव्या खेपेच्या लोकरीची छटा थोडी वेगळी येते आणि विणल्यावर ते लगेच डोळ्यांत भरतं. दुकानात मावशीच्या खेपेचे नेमके दोन गुंडे शिल्लक होते. दुकानदार फोनवर बोलत होता, म्हणून ही ते हातात घेऊन शहाण्यासारखी उभी राहिली. तेवढ्यात काचेच्या दारापाशी एक बाई आली. उंच टाचा, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडता येईना. मावशीने गुंडे गल्ल्याशेजारी ठेवले आणि जाऊन दार धरलं.

बाई टकटक करत आत आली. हिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्याशेजारचे गुंडे उचलले, नोट पुढे केली, आणि दुकानदाराने फोन खांद्याला दाबूनच सुटे परत दिले.

"अहो, ते माझे आहेत," मावशी म्हणाली.

"पैसे दिले होतेत?"

"नाही, पण मी तुमच्यासाठी दार—"

"मग तुमचे कसे?" आणि टकटक, टकटक. या खेपेला दार तिने खांद्याने ढकललं.

त्या दिवसापासून तिचं नाव टकटकबाई पडलं आणि आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. काका म्हणाले, "अगं, खालचा भाग दुसऱ्या निळ्याने विण. तिथे बघतंय कोण? भोपळे?"

"दुसरी लोकर आणली म्हणजे ती जिंकली," मावशी म्हणाली. बाही कोपराच्या वरच थांबली, उरलेला गुंडा तसाच पडून राहिला. काका जुन्या मोज्याचा पंजा कापून तो मनगटावर चढवून कामाला जायला लागले. ते पाहिलं की मावशीचा संताप नव्याने उकळायचा. मीही तिला आवरलं नाही, उलट तेलच ओतलं. अशा बायकांना कोणी तरी एकदा धडा शिकवायलाच हवा, हे माझं आजही मत आहे.

आणि संधी चालून आली. लोकरवाल्याचा फोन आला. "त्या बाई आल्या होत्या. त्या निळ्या लोकरीतला बाकीचा माल कोणी नेला, विचारत होत्या. मी तुमचा पत्ता दिला. चालेल ना?"

मावशीने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा लग्नातही खुलला नसेल इतका खुलला होता. "कमी पडली मेलीला! आता माझ्या दारात येते बघ."

"देणार आहेस?" मी विचारलं.

"देते की. चांगली देते." तिने कापड कापायची मोठी कात्री काढली आणि चक्क टेबलावर ठेवली. शेजारी उरलेला गुंडा.

टकटकबाई आली. मावशीने दार उघडलं, अगदी धरून ठेवलं. "या, या. बसा ना. पाणी घेता?" इतकं गोड बोलणं ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. बाई खुर्चीच्या कडेवर टेकली. म्हणाली, "त्या दिवशी दुकानात मी—"

"एक मिनिट हं," मावशी म्हणाली. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

तिने गुंडा उलगडला आणि कात्री लावली. वीतभर तुकडा पडला. "हे 'धन्यवाद'. दार धरलं त्याचं." कच्च. "हे 'माफ करा'." कच्च. "हे 'तुम्ही आधी आला होतात, तुम्ही घ्या'." बाई दोनदा तोंड उघडून काही बोलायला गेली, दोन्ही वेळा मावशीने हात वर केला. जाळीबाहेरून तिला कधी कोणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, आज तिची पाळी होती. मी दाराला टेकून मजा बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. टेबलावर निळ्या तुकड्यांचा ढीग झाला आणि हातात काही उरलं नाही, तेव्हा मावशी म्हणाली, "हां. आता बोला. कशाला आला होतात?"

बाईने पर्स उघडली. आतून निळे दोन गुंडे काढले. त्यांच्यावरचा कागदी पट्टासुद्धा निघालेला नव्हता. ते तिने ढिगाशेजारी ठेवले.

"हेच सगळं म्हणायला आले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी हावरटासारखी वागले. पुढे लोकर उघडवेना. तुमचं विणकाम अडलं असेल, म्हणून पत्ता मागितला." मग उठली, दार आवाज न करता लावून घेतलं आणि जिना उतरून गेली.

मावशीने ते दोन गुंडे उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "माझा हक्काचा राग पळवला गं मेलीने. तोही पैसे न देता." आणि मग खरंच रडली.

दोन गुंड्यांत बाही मनगटापर्यंत पोचेना. मी म्हटलं, आता तरी दुसरी लोकर आण. ऐकेल तर मावशी कसली! "कापली मी. जोडीन मी." तिने तो ढीग मांडीवर घेतला आणि एकेक तुकडा दुसऱ्याला गाठ मारून बांधायला लागली. चष्मा नाकावर, ओठांची रेघ. मी मदतीला बसले तर माझा हात झटकला.

बाही पुरी झाली. वरून बघाल तर एकसारखी निळी. काकांनी सकाळी स्वेटर घातला, खूश होऊन हात लांब केला, आणि मनगट वळवताना थांबले. त्यांनी बाहीच्या आत बोट घालून चाचपलं.

"अगं, इथे काय टोचतंय? नेमकं दुखतं तिथेच आहे."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या डब्याचं झाकण लावत होती, लावलेलंच पुन्हा लावत होती.

"आपली तक्रार," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडातून फुटेनात.