आमच्या घरात पाय आपटायचा नाही

बाबा रागावले की ओरडत नसत, पाय आपटत. उजवा पाय, फरशीवर, थड थड थड. खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात हमखास विचारायच्या, "काल काय बिनसलं होतं गं?" अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या घरातली भांडणं अशी छतातून कळत.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. कात्रपला मामाकडे जेवण होतं. माझी परीक्षा होती म्हणून आई-बाबा दोघंच गाडीने गेले. ही गाडी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. काळी, गोल दिव्यांची, माझ्याहून वयाने मोठी, फॅक्टरीतल्या एका साहेबांकडून घेतलेली. आईचं आणि तिचं मात्र कधीच पटलं नाही. त्या दिवशी मामाकडे चारचौघांत आई तिला "भंगार" म्हणाली. बाबांना ते लागलं, आणि परतताना गाडीत तोच वाद पुढे सुरू झाला. उतारावर खडीचा ट्रक उभा होता. गाडीचा एक दिवा फुटला, मडगार्ड चेपलं, बस. पण स्टेअरिंग बाबांच्या छातीत बसलं. आईच्या खांद्याचं हाड मोडलं.

ब्रेकचा एक पाइप फाटलेला सापडला. तो धडकेने फाटला की आधीच, हे कुणालाच सांगता येईना. नातेवाइकांनी ठरवून टाकलं की डुलकी लागली असणार. नातेवाइकांना काय, काहीतरी ठरवायचं असतं. दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा एकदा पोळ्या लाटता लाटता आई मला म्हणाली, "माझ्यावर रागावून गेले गं. धडकायच्या आधी पाय आपटत होते."

त्यानंतर आमच्या घरात पाय आपटायला बंदी आली. पावसातून आलं की चपलांचा चिखलसुद्धा दारात आपटून झाडायचा नाही, वाकून खराट्याच्या काडीने काढायचा. वरच्या मजल्यावर कुणाची मुलं उड्या मारायला लागली की आई हातातलं काम टाकून गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला भुताखेतांचं कधी भय वाटलं नाही, पण त्या घरात माझी मीच चोरपावलांनी चालायला शिकले. आजही माझ्या चालण्याचा आवाज होत नाही. ऑफिसातले लोक दचकतात.

गाडी खाली ताडपत्रीखाली होती. विकायचीही नाही आणि चालवायचीही नाही, असा आईचा हुकूम. ती स्वतः गाडीच्या जवळूनही जात नसे. जिन्यातून उतरली की कंपाउंडच्या भिंतीला घासून जाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागले, ड्रायव्हिंग शिकले आणि हट्टाला पेटले. त्या ताडपत्रीचा मला वीट आला होता. वाटलं, एकदाची गाडी चालू झाली, रोजच्या वापरात आली, की घरातलं हे सावट जाईल. "ब्रेक नवे बसवते, मग तर झालं?" मी म्हटलं. आई म्हणाली, "तुला काय करायचं ते कर. मला तिच्यात बसायला सांगू नकोस."

उल्हासनगरात एक सिंधी मेकॅनिककाका होते. त्यांच्या आवारात एक छोटी, नव्या जमान्याची गाडी पडली होती. मागून ट्रकने पार चेपलेली, पण पुढचं सगळं शाबूत. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. "माणसं वाचली ना?" मी विचारलं. "सब सलामत, बेटी," काका म्हणाले. ते इतकं चटकन म्हणाले की मला वाटलं, हे सगळ्यांनाच असं सांगत असणार. त्या गाडीचे ब्रेक काढून, लेथवाल्याकडून जोडणीच्या मधल्या पट्ट्या करून घेऊन, ते आमच्या म्हातारीला बसवायचे ठरले. जुन्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जायचा. नव्या सामानात तसं नव्हतं. एक बाजू गेली तरी दुसरी धरणार. हे मी आईला दोनदा समजावलं. तिने दोन्ही वेळा भाजी निवडली.

एका रविवारी काकांनी आमच्या कंपाउंडमध्ये येऊन सगळं बसवलं, फक्त हवा काढायची राहिली. पाइप नवे घातले की आत हवा राहते, आणि हवा असली की ब्रेक लागतच नाही. मग एकाने आत बसून पायडल मारायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी हवा सोडायची. काका मागच्या चाकापाशी आडवे झाले होते. मी बॉनेट उघडून ब्रेकचं ऑइल ओतत होते. तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली.

"भाभी, दो मिनट अंदर बैठो. बीचवाला पायडल."

परक्या माणसाला नाही म्हणणं आईला कधी जमलं नाही. मी काही बोलायच्या आत तिने कप भिंतीवर ठेवला आणि ती बाबांच्या जागेवर जाऊन बसली.

"मारो."

"अहो, हे नुसतं खाली जातंय," आई म्हणाली. "काही लागतच नाहीये."

"हवा है ना. जल्दी जल्दी मारो, जोर से!"

थड थड थड.

बॉनेट वर असल्याने मला ती दिसत नव्हती. नुसता आवाज येत होता, आणि तो बाबांचा होता. खालच्या काकूंनी खिडकी उघडून बाहेर बघितलं.

मग आवाज थांबला. मी कडेने डोकावले. आई दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून स्वतःच्या पायाकडे बघत होती.

"असेच आपटत होते," ती म्हणाली. "ते रागावले नव्हते गं. हे खाली जात होतं."

खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या वर्षांची गाठ अशी, बसल्या जागी सुटली. मी धावत तिच्या दाराशी गेले, तिला जवळ घ्यायला. पण तिचा चेहरा बघून तिथेच थांबले.

"मी काय म्हणाले त्यांना, माहितेय?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तुला कधी सांगितलं नाही मी. मला वाटलं, माझ्यावरच आपटतायत. म्हटलं, आपटा. अजून आपटा."

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते मागून ओरडले, "रुक क्यों गए? और मारो भाभी, और!"

"आई, उतर तू. मी बसते."

तिने दारावरचा माझा हात बाजूला केला, पाय उचलला आणि पुन्हा आपटायला लागली.