शेवंती जपून चालते

आमच्या घरात बाईनं गरोदरपणी घोड्यावर बसावं की नाही, हा प्रश्न माझ्याआधी कधी उद्भवला नव्हता. कारण माझ्याआधी आमच्या घरातली कुठलीच बाई कुठल्याच अवस्थेत घोड्यावर बसली नव्हती. पुरुषही फारसे बसले नव्हते. जे बसले ते लवकर उतरले, आणि त्यातले निम्मे स्वतःच्या इच्छेनं उतरले नव्हते.

माझं माहेर जव्हारचं. आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या पागेवर दरोगा होते. इतर मुली भातुकली खेळत तेव्हा मी घोड्यांच्या तोबऱ्यात हात घालून त्यांचे भिजवलेले हरभरे खात असे. लग्न झालं ते मोखाड्याच्या जंगलखात्यातल्या कारकुनाशी. मोखाडं इंग्रजी मुलखात, जव्हार संस्थानात. मधे डोंगर, नदी आणि बैलांनाही नकोसा वाटणारा सात-आठ कोसांचा रस्ता. आबांनी आंदण म्हणून गाय न देता शेवंती नावाची तांबडी घोडी दिली. आमच्या ह्यांना वाटलं, जावयासाठी दिली. शेवंतीनं पहिल्याच आठवड्यात त्यांचा तो गैरसमज दूर केला.

तेव्हापासून महिन्याकाठी मी शेवंतीवर बसून माहेरी जाऊन येई. बरोबर लगाम धरायला लहानू. हा पन्नाशीचा गडी आम्ही घोडीच्या निगराणीला ठेवला होता खरा, पण त्यानं जन्मभर बैल राखले होते, आणि घोडी म्हणजे शिंगं गळालेला बैल अशीच त्याची समजूत होती. मला त्याची फिकीर नव्हती. घोड्यांतलं सगळं मला कळत होतं. (हे वाक्य मी त्या काळी दिवसातून दोनदा तरी ऐकवत असे. घरातले लोक तिसऱ्यांदा ऐकायला लागू नये म्हणून उठून जात.)

त्या वर्षी पावसाळ्यात नदीनं वाट अडवली, माहेरची फेरी बंद झाली, आणि त्याच सुमारास मला दिवस राहिले. हे सासूबाईंना माझ्याआधी कळलं. नऊ बाळंतपणं झालेली बाई ती! समोरची बाई उंबरा कशी ओलांडते त्यावरून कितवा महिना ते सांगायच्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, आजपासून घोडी बंद."

"का? मला सवय आहे."

"तुमच्या संस्थानात चालत असेल. इंग्रजी अमलात नाही चालत."

"इंग्रजांच्या मडमा तर बसतात, सासूबाई."

"त्यांना सासवा नसतात," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

निदान त्यांच्या बाजूनं मिटला. अडचण अशी होती की सातव्यात डोहाळजेवण माहेरी, आणि पहिलं बाळंतपणही माहेरीच, हे त्यांनाही मान्य होतं. जव्हारला दवाखाना होता, आई होती. मोखाड्याला काहीच नव्हतं. म्हणजे जायचं नक्की. फक्त कशावर बसून, एवढाच प्रश्न. आणि खरं सांगते, मी वरवर कितीही तोरा मिरवला तरी पोटातल्या जिवाची मला भीती वाटत होती. रात्री-अपरात्री कळा आल्या आणि आई जवळ नसली तर मी काय करणार होते? या भीतीपोटीच मला माझी ओळखीची घोडी हवी होती. बाकीच्या कशावर माझा भरवसा नव्हता.

हे अडचणीतून वाट काढण्यात तरबेज, म्हणजे निर्णय पुढं ढकलण्यात. म्हणाले, "आपण सगळी वाहनं आधी तपासून बघू."

पहिल्यांदा बैलगाडी. सासूबाई स्वतः म्हणाल्या, "मी बसून बघते. मला सोसली तर हिला सोसेल." गाडीत पेंढा घातला, वर दोन गोधड्या घातल्या, वर सासूबाई. गाडी गावाबाहेरच्या चढापर्यंत गेली आणि परत आली. येताना सासूबाई चालत येत होत्या, कमरेवर हात ठेवून, आणि वाटेतल्या प्रत्येक धोंड्याचा उद्धार करत. पुढचे चार दिवस त्या पालथ्याच झोपल्या. बैलगाडी रद्द.

मग डोली. बांबूला झोळी, पुढं दोन भोई, मागं दोन. ह्यांनी मर्दानगीनं सांगितलं, "आता मी बसतो." बसले. भोयांनी खांद्यावर घेतली आणि एकदा ह्यांच्या अंगाकडे, एकदा बांबूकडे बघितलं. बांधापर्यंत डोली बरी गेली. बांधावर पुढचे दोघं चढले, मागचे दोघं अजून खालीच, आणि झोळीला बांधलेली दोरी म्हणाली, मी आता थकले. हे भातखाचरात बसले. नशिबानं खाचर कोरडं होतं, पण कापलेल्या भाताच्या बुडख्यांना धार होती.

"दोरी नवी घालू सायेब," पुढचा भोई म्हणाला.

"माणूसही नवा घाला," हे म्हणाले, आणि घरी आल्यावर बराच वेळ उभेच राहिले.

इकडे माझं काम आपोआप होत होतं. मी रोज सकाळी शेवंतीला पाणवठ्यापर्यंत फिरवून आणत असे. (पहिले चार दिवस सासूबाई पालथ्या असल्यामुळे त्यांना परसातलं दिसत नव्हतं; पुढं मी घोडीला पाणी पाजण्याचं निमित्त सांगत असे.) आणि मला एक गोष्ट ठळक जाणवली. शेवंती बदलली होती! पूर्वी तिला नुसती टाच लावली की सुटायची. आता ती एकेक पाऊल तोलून टाकत होती. उतारावर थांबायची, खड्डा दिसला की वळसा घालायची. लहानूलाही ते पटलं.

"बाय, घोडी लय सबुरीनं चालते आता."

"तिला कळलंय, लहानू. मी दोन जिवांची आहे हे तिला कळलंय."

"बैलाला नाय कळत असं," लहानू कौतुकानं म्हणाला.

मी हे घरी सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मुक्या जनावराची ती माया! सासूबाई माझ्यासाठी नागलीचे लाडू करत, त्यातला एक खाऊन बाकीचे मी शेवंतीला चारायला लागले. ती अंगानं सुटली. खोगिराचा तंग आवळायला आधीची भोकं पुरेनात, लहानूनं सुरीनं नवी पाडली. ती धापा टाकायची. मी म्हणायचे, लाडू जड असतात. ती लहानूला चावली. मी म्हणायचे, तिला माझी काळजी लागलीय. आमच्या ह्यांनी एकदा तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "हिचं पोट जरा खाली उतरल्यासारखं नाही वाटत?"

"तुम्हाला घोड्यांतलं काय कळतं?" मी म्हणाले. त्यांनी लगेच माघार घेतली. त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

शेवटी हे पायी जव्हारला जाऊन तिथल्या डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जन्माची सवय असेल, घोडी गरीब असेल आणि चाल हळू असेल, तर एकवेळ चालेल. सवय मला होती. चाल इतकी हळू होती की रस्त्यातल्या शेळ्या आम्हाला मागं टाकून जात. सासूबाईंनी गाडीची आठवण काढून कमरेला हात लावला आणि हार मानली. लग्नानंतरचा त्यांच्याशी जिंकलेला हा माझा पहिला वाद. मी तो साऱ्या आळीत सांगितला.

माघ महिन्यात एका सकाळी आम्ही निघालो. पुढं हे पायी, रस्त्यातले खड्डे ओरडून सांगायला. मग शेवंतीवर मी, लगाम धरून लहानू. मागं नवी दोरी घातलेल्या डोलीत सासूबाई, माझ्यावर नजर ठेवायला. (त्या वजनानं चिमणीएवढ्या, त्यामुळे भोई खुशीत होते.) मी लुगड्याचा काचा मारून, मान ताठ करून बसले होते. समोरून बाजाराला निघालेल्या बायका थांबून बघायच्या, आणि मी मान आणखी ताठ करायचे.

"खड्डा," हे ओरडायचे.

"दिसला," मी म्हणायचे. शेवंती तोवर वळसा घालून गेलेली असायची.

नदीपर्यंत सगळं झकास झालं. पाण्यात उतरायच्या आधी शेवंती थांबली. तिनं मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघितलं. मग तिनं पुढचे पाय मुडपले, मागचे मुडपले, आणि कुणाचीही परवानगी न घेता खाली बसली. मी पडले नाही, हे मी आजही ठासून सांगते. घोडी माझ्याखालून बसली आणि माझे पाय आपोआप वाळूला लागले.

हे खड्ड्याची ललकारी अर्धवट सोडून धावत आले. "काय झालं? कळा आल्या का?"

"मला काही झालेलं नाही. शेवंती बसलीय."

"बैल असा बसला तर शेपटी पिरगाळायची," लहानू म्हणाला. "हिची पिरगाळू का?"

तोवर सासूबाई डोलीतून उतरून आल्या. त्या आयुष्यात घोडीच्या इतक्या जवळ कधी गेल्या नव्हत्या. पण आधी शेवंतीकडे लांबून बघितलं, मग जवळून, मग पदर खोचून चक्क खाली वाकल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका प्रसन्न पाहिला.

"सूनबाई, हिला पान्हा फुटायला आलाय."

"काहीतरीच काय? लाडवांनी सुटलीय ती."

"कुठले लाडू?"

मी शेवंतीची आयाळ सारखी करायला लागले.

"लाडू पोटातून लाथा मारत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "इथं हात लाव."

मी हात लावला. आतून एक दणका बसला, चांगला खणखणीत. आणि त्याच क्षणी माझ्याही पोटात लाथ बसली. मी तिथं वाळूत बसले आणि मला रडूच फुटलं. शेवंतीची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि आपलं बाळ धडधाकट आहे याचा इतका आनंद झाला की काय सांगू. ही बिचारी माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी जपून चालत होती. आणि मी तिच्या पाठीवर बसून तिच्या मायेचे गोडवे गात होते.

"अहो, पण कोण... म्हणजे कधी?" ह्यांनी विचारलं.

"शिमग्याला," मी डोळे पुसत म्हणाले. मला तेव्हा लख्ख आठवलं. गेल्या शिमग्याला मी माहेरी राहिले होते आणि शेवंती पागेत.

सासूबाईंनी तिथल्या तिथं सूत्रं हातात घेतली. "सूनबाई, तू डोलीत. मी हिच्याबरोबर चालते. लहानू, खोगीर उतरव. बापू, खोगीर तू घे."

"मी?" हे म्हणाले.

"मग काय मी घेऊ?"

थोड्या वेळानं शेवंती स्वतःहून उठली आणि आम्ही निघालो. डोलीत मी, जिच्यात बसणार नाही म्हणून मी अख्ख्या आळीला सांगितलं होतं. पुढं शेवंती, मोकळ्या पाठीनं, पाठीवर सासूबाईंची शाल. तिच्या मानेवर हात ठेवून सासूबाई तिला आपल्या नऊ बाळंतपणांची हकीकत सांगत होत्या. पाचव्यापर्यंत मला ऐकू आलं. आणि सगळ्यात मागं आमचे हे, पाठीवर खोगीर बांधलेले. समोरून येणारा एक म्हातारा रस्त्यावरून खाली उतरून बाजूला उभा राहिला आणि त्यानं लहानूला विचारलं, "घोडी ठीक हाय ना? मग खोगीर सायबावर का?"

"सायेब गरीब हाय," लहानू म्हणाला. "चावत नाय."

जव्हारला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. आबा लगबगीनं आले, माझ्या डोलीवरून नजर सरकवत थेट शेवंतीपाशी गेले, आणि एकदा तिच्या पोटावर हात फिरवून माझ्यावर उखडले.

"हिला या दिवसांत एवढी वाट चालवलीस? अक्कल कुठं गेली होती?"

"आबा, मी अगदी हळूहळू आले. मला काही त्रास झाला नाही."

"तुला कोण विचारतंय?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझं डोहाळजेवण. फुलांचे दागिने घालून मला पाटावर बसवलं, बायका जमल्या, आणि पहिलं गाणं सुरू होतं न होतं तोच पागेतून निरोप आला, शेवंती मोकळी झाली. क्षणात सगळा बायकांचा घोळका उठून पागेकडे पळाला. सगळ्यांच्या पुढं सासूबाई. मी फुलांनी मढलेली एकटी बसून राहिले. बरोबर फक्त हे, ज्यांना पाठ सरळ करता येत नव्हती. शिंगरू गोंडस होतं म्हणे. त्याच्या कपाळावर सरकारांच्या, म्हणजे राजेसाहेबांच्या, खास घोड्यासारखाच हुबेहूब चांद होता, त्यामुळं ते उभं राहायच्या आत आबांनी त्याच्या डोक्यावर घोंगडी टाकली.

पुढं यथावकाश मलाही मुलगी झाली, सुखरूप. तिच्या बारशाला बायकांनी शिंगराची चौकशी केली.

त्याला आता कैक वर्षं झाली. तरी अजून एखादी पहिलटकरीण लाजत लाजत माझ्याकडे येते आणि विचारते, "काकू, तुम्ही म्हणे पागेत वाढलात. या दिवसांत घोड्यावर बसलं तर चालतं का हो?"

मी तिला सांगते, "तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय, बाई. माझे वडील टपालखात्यात होते."