‘खाली’ लिहिलेला डबा

माझे सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. त्यांची जुनी गोलमटोल गाडी मात्र मला सासरी आयती मिळाली. महाराजपुरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये ती वर्षानुवर्षं उभी होती. खमरियातली नोकरी संपल्यावर आमच्या ह्यांनी एकदाचं तिचं इंजिन उघडलं. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, की दुसरं तयार इंजिन बसवा आणि मोकळे व्हा. मेकॅनिक भैयांनी तसं एक बघूनही ठेवलं होतं. पण ह्यांचं आपलं एकच पालुपद, “बाबांचं इंजिन आहे ना, काहून बदलायचं?”

सुट्या भागांच्या डब्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. इंजिनच्या वरच्या भागांच्या डब्यावर मी ‘वर’ लिहिलं, खालच्या भागांच्या डब्यावर ‘खाली’. यात माझं काय चुकलं, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेलं नाही.

एका रविवारी आम्ही दोघं ग्वारीघाटला गेलो होतो आणि भैया पोर्चमध्ये काम करत होते. त्यांचा फोन आला, कबाडी भंगार न्यायला दारात उभा आहे. हे म्हणाले, “जो डिब्बे खाली हैं, दे दीजिए.” भैयांनी डबे पाहिले. एकावर तर स्वच्छ अक्षरात ‘खाली’ लिहिलेलंच होतं; हात कामात गुंतलेले, म्हणून तो त्यांनी कबाड्यालाच उचलायला सांगितला. रिकामा डबा इतका जड कसा, हा प्रश्न कबाड्याला पडला नसेल. पडला असता तरी त्याने विचारला नसता.

त्या डब्यात इंजिनच्या तीन मेन कॅप होत्या. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, खालून धरून ठेवणारे हे जाड लोखंडी तुकडे कारखान्यात इंजिनच्या ब्लॉकला लावूनच कातलेले असतात. त्यामुळे एका इंजिनच्या कॅप दुसऱ्याला चालत नाहीत, आणि नव्या विकतही मिळत नाहीत. कॅप गेल्या म्हणजे बाबांचं इंजिन गेलं. हे कळल्यावर ह्यांचा चेहरा मला पाहवेना.

“दीदी, मैंने तो पढ़ के ही दिया,” भैया म्हणाले.

“मराठीत वाचायचं होतं,” मी म्हणाले. हसलं कोणीच नाही.

आम्ही तिघं कबाड्याकडे गेलो. त्याने डबा ढिगावर ओतून टाकला होता, आणि त्या ढिगात आणखी दोन-तीन इंजिनांचं लोखंड होतं. आमच्या कॅपवर एक, दोन, तीन असे ठोकून काढलेले ठिपके होते, कुठली कुठे बसते ते कळावं म्हणून. ह्यांनी एकेक कॅप फडक्याने पुसून पाहिली, तर इतरांनीही तसेच ठिपके मारलेले. शेवटी संशयित सगळ्याच घरी आणल्या.

ब्लॉक टेबलावर उलटा ठेवून त्यात क्रँक बसवला. परक्या कॅप लगेच कळल्या; एक खुळखुळत होती, एक खाचेत शिरेचना. पहिली आणि तिसरी लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने चपखल बसल्या. मधल्या जागेसाठी मात्र दोन ठिपक्यांच्या दोन कॅप होत्या आणि दोन्ही बसत होत्या. भैयांनी त्यातली एक लावून बोल्ट आवळले. क्रँक हलेना. मग दुसरी लावली, पुन्हा बोल्ट आवळले.

“तू फिरव,” हे मला म्हणाले. “माझा धीर नाही होत.”

मी तेलकट क्रँकवर हात ठेवून जोर दिला. तो फिरला, जडपणे पण कुठेही न अडखळता. सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलेलं. त्यांच्या हातचं काहीतरी माझ्या हातात आलं आणि मला इतका आनंद झाला, की मी तो उगाच आणखी दोनदा फिरवला.

भैयांनी फोन काढला. “तो वो दूसरे इंजन वाले को क्या बोलूँ?”

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, “मना कर दीजिए.”

ह्यांनी हातातलं तेलकट फडकं तेवढं डोळ्यांना लावलं, आणि संध्याकाळपर्यंत गालांवर काळे पट्टे घेऊन घरभर हिंडत राहिले.