डाळीच्या डब्यातला पंप

मी आठ वर्षांची असताना मला पहिल्यांदा धाप लागली आणि डॉक्टरांनी तोंडात फुसकन औषध सोडणारा निळा पंप हातात दिला. दमा, म्हणाले. त्याच दिवशी आईनं ठरवून टाकलं की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. "पोरीची जात हाय. उद्या स्थळं येतील. दमेकरी म्हणून एकदा नाव पडलं की संपलं."

आठ वर्षांच्या पोरीची स्थळं! पण आई पैठणकडची, तिचं एकदा ठरलं की ठरलं. दाराची कडी वाजली की पंप गायब. मग येणारी शेजारीण का असेना, नाहीतर गॅसवाला. कधी तुरीच्या डाळीच्या डब्यात, कधी पापडाच्या पिशवीत, एकदा तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं. पाहुणे गेले की मी विचारायची, "आई, पंप?" आणि ती पहिल्या झटक्यात काढून द्यायची. मला कधी शोधावा लागला नाही. शोधायला गेले असते तर सापडलाही नसता.

बाबांचं या लपवाछपवीत वेगळं खातं होतं. ते कचेरीतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, आणि औरंगाबादेत आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लग्नांचे बायोडाटे त्यांच्या हातचे. (शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो.) लोक पेढे घेऊन यायचे आणि पोरीचा बायोडाटा लिहून घेऊन जायचे. "मी एक अक्षर खोटं लिहीत नाही," असं बाबा छाती फुगवून सांगत. लिहीत नव्हतेच. जाड मुलगी 'सुदृढ' व्हायची, भांडखोर मुलगी 'स्पष्टवक्ती', आणि तीनदा नापास झालेला मुलगा 'शिक्षण चालू'.

अशा घरातल्या मला तेविसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या पत्रासोबत एक अट आली: आरोग्य विमा पाहिजेच. एकतर विद्यापीठाचा घ्या, नाहीतर तुमच्याकडचा तेवढ्याच तोडीचा दाखवा. मी सगळं वाचून काढलं. विद्यापीठाचा विमा महाग होता, पण त्यात जुने आजारही धरलेले होते आणि कुणी काही विचारणारही नव्हतं. मला तोच हवा होता. तिकडं थंडी मरणाची, थंडीत माझी छाती शिट्ट्या मारते. तिथं मला धाप लागणार, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. लागली तर दवाखान्यात कुणाच्या भरवशावर जायचं, एवढाच प्रश्न होता.

आईला विद्यापीठाचा विमा मुळीच पटला नाही. पैशापायी नाही.

"इचारतच नाय म्हणती? बीपी नाय, शुगर नाय, काहीच नाय?"

"नाही."

"न बघताच पसंत? अशा लोकांत लई गडबड असती बाई. तुझ्या मावशीच्या नणंदेला असंच न बघता पसंत केलं होतं. नवरा निघाला बहिरा."

मी हात टेकले.

मग बाबांनी विमावाल्या काकांना बोलावलं. काका बाबांचे जुने मित्र, मुकुंदवाडीहून स्कूटरवर यायचे, डिकीत पाच कंपन्यांच्या फायली. त्यांनी काढलेला फॉर्म बघून आई खूश झाली. त्यात पानंच्या पानं प्रश्न होते. आई-वडील हयात का, कुणाला काय झालं होतं, वजन किती, उंची किती. "व्हय, हे खानदानी दिसतेत," आई म्हणाली. "नीट चौकशी करून मगच हो म्हणणारे."

बाबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, आणि आधी कच्चा खर्डा लिहायला घेतला. मी तो खर्डा वाचला आणि कपाळावर हात मारला. अहो, सगळा बायोडाटाच! वर्ण गव्हाळ. स्वभाव मनमिळाऊ. मामांची शेती पैठण तालुक्यात, बागायती. पूर्वीचे आजार या रकान्यात 'नाही', आणि पुढं जागा उरली म्हणून 'स्वयंपाकात निपुण'.

"बाबा, दमा कुठंय?"

बाबांनी आईकडं बघितलं, आईनं छताकडं.

"हे खोटं आहे बाबा. तुम्ही एक अक्षर खोटं लिहीत नाही ना?"

बाबांची मान खाली गेली. त्यांनी 'नाही' खोडलं आणि त्याजागी 'हवामानाबाबत संवेदनशील' असं लिहिलं.

"साहेब, काय हात आहे तुमचा!" काका म्हणाले.

मी भडकले. म्हटलं, तिकडं मला ॲडमिट केलं आणि डॉक्टरची जुनी चिठ्ठी निघाली तर कंपनी हात वर करेल. मग हे हवामान काय करणार आहे? काका म्हणाले, दमा लिहिला तर कंपनी दमा वगळेल, मग विमा घेऊन तरी काय उपयोग? आई म्हणाली, कागदावर आलं की गावभर होतं. मी म्हटलं, अगं, कंपनीचं ऑफिस काय गुलमंडीच्या बाजारात आहे का? आई म्हणाली, कुणी सांगावं. मग मी तासभर कुणाशी बोलले नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी ठरलं की कंपनीची डॉक्टर फोनवर व्हिडिओ कॉल करून तपासणी करणार आहे, तिला मी 'नाही' म्हणायचं. मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. पंधरा वर्षं 'नाही'च म्हणत आले होते, जिभेला तेच वळण लागलं होतं.

त्या सकाळी आईनं मला साडी नेसवली. मी म्हटलं, अगं, डॉक्टर आहे ती. "असू दे. पयलं दर्शन चांगलं पायजे." बाबांनी फोन दोन उशांवर टेकवला. विमावाले काका मुलाकडच्या मंडळींसारखे सोफ्यावर बसले. आई स्वयंपाकघरात पोहे करायला गेली.

"आई, ती फोनमध्ये आहे. पोहे कशी खाणार?"

"नको खाऊ दे. घरात वास तरी पायजे ना."

डॉक्टर तरुण होती, कुठल्यातरी उत्तरेकडच्या शहरातून हिंदीत बोलत होती. शुगर? नहीं. बीपी? नहीं. कभी ऑपरेशन? नहीं. माझा 'नहीं' चांगला बसत चालला होता. मग तिनं विचारलं, "दमा? साँस की कोई तकलीफ?"

आणि नेमक्या त्याच वेळी आईनं उकळत्या तेलात मूठभर हिरव्या मिरच्या टाकल्या.

तो खकाणा सरळ बाहेरच्या खोलीत आला. काकांना ठसका लागला, बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझा 'न' घशातच अडकला. छाती आवळली. श्वास आत जाईना. मी हातानं खूण केली, पंप, पंप. बाबा उठले आणि जागच्या जागी गोल फिरले. त्यांना ठाऊकच नव्हतं तो कुठं आहे. मलाही नव्हतं. काकांना दमा ठाऊक असला तरी ते घरात होते ना, म्हणजे पंप लपवलेला होता.

आई धावत आली. हातात डाळीचा डबा. तिनं त्यात कोपरापर्यंत हात घातला, पंप काढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या तोंडात कोंबला. दोन दाणे माझ्या पदरावर पडले. माझा श्वास सुरू झाल्यावर ती फोनकडं वळली आणि तोंड फोनला जवळजवळ चिकटवून ओरडली, "दमा है उसको! आठ साल की थी तबसे है! मैंच छुपाई! लिखो तुम, बड़े अक्षर में लिखो!"

मग ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. "आंटी," ती म्हणाली, "वो अभी ठीक है ना?"

त्यानंतर पोहे फक्त काकांनी खाल्ले. दोनदा घेतले.

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. विमा मिळेल, पण श्वसनाचं काहीही धरलं जाणार नाही. म्हणजे नाक, घसा आणि छाती सोडून बाकीची मी पसंत होते. आईनं पत्र बाबांकडून दोनदा वाचून घेतलं. "आमची पोरगी तुकड्यातुकड्यात द्यायची नाय," ती म्हणाली. "त्या शाळेचाच घे. न इचारता का होईना, समदी तर घेतेत."

अशी मी विद्यापीठाचा विमा घेऊन अमेरिकेला गेले. कार्ड पाकिटात, पंप पर्समध्ये.

पहिल्याच हिवाळ्यात, एका सकाळी बाहेरून बर्फातून आले आणि छाती आवळली. पर्स उघडली. पंप नाही. जाकीट, टेबल, उशीखाली, कुठंच नाही. खोलीत मी एकटी. विम्याच्या कार्डामागं मदतीचा नंबर होता, तो अगदी याच वेळेसाठी होता. माझ्या बोटांनी आईचा नंबर लावला.

"आई... पंप..." एवढंच बोलता आलं.

ती घाबरली असणारच, पण आवाजात आलं नाही. तिनं फक्त विचारलं, "काल कोण आलतं खोलीवर?"

"वर्गातली... पोहे खायला..."

"मग डाळीच्या डब्यात बघ."

मी डब्यात हात घातला. पंप तळाशी होता. मीच ठेवला होता. आदल्या दिवशी बेल वाजली तेव्हा हातानं आपलं आपण काम उरकलं होतं, मला पत्ताही लागू न देता.

दोन फवारे मारले. आई पलीकडून माझा श्वास ऐकत होती. तो नीट सुरू झाल्यावर म्हणाली, "हे मी शिकवलं तुला. लई चुकलं माझं." मला इतकं रडू आलं की पुन्हा धाप लागते की काय, असं झालं. "रडू नको," ती म्हणाली. "दाराजवळ खिळा हाय का? त्याला लटकव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. आन ती डाळ फेकू नको, चाळून घे."

मी पंपाला नाडी बांधली आणि दाराजवळ टांगला. पुढच्या रविवारी तीच मुलं पुन्हा पोहे खायला आली. कोट काढता काढता एकीनं विचारलं, हे काय आहे?

"मला दमा आहे," मी म्हणाले, आणि मिरच्या टाकायच्या आधी खिडकी उघडली.